घंटेआधीची तजवीज

बर्लिन शहरात ऑगस्ट लागला की दुकानांचे दर्शनी भाग दप्तरांनी, रंगपेट्यांनी आणि पहिलीत पाऊल ठेवणाऱ्या बालकाच्या हाती खाऊ व पेन्सिली भरून द्यावयाच्या उंच कागदी शंकूंनी भरून जातात, आणि त्याच सुमारास पालकांच्या घरी शाळेची यादी येऊन पडते. या यादीचा काटेकोरपणा पाहण्याजोगा असतो: वही कोणत्या मापाची, तिच्या आखणीचा क्रमांक कोणता, कोणत्या विषयाच्या वहीस कोणत्या रंगाचे वेष्टन, जलरंगांच्या पेटीत रंग बारा, शिवाय पांढऱ्या रंगाची नळी निराळी, व्यायामाचे बूट निराळे आणि वर्गात वावरण्याची पादत्राणेही निराळी. यांतील एकही जिन्नस फारसा महाग नाही; परंतु बेरीज भारी पडते, आणि ताठ पाठीचे, चकाकत्या पट्ट्यांचे प्रचलित दप्तर घ्यावयाचे झाल्यास पुष्कळदा त्या एका वस्तूसच 200 युरोंहून अधिक मोजावे लागतात.

या खर्चाची दखल येथील कायद्याने घेतली आहे. 9 फेब्रुवारी 2010 रोजी जर्मनीच्या घटना न्यायालयाने, सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या कुटुंबांच्या प्रकरणी निर्णय देताना, असे बजावले की पुस्तके, वह्या, गणकयंत्र यांवाचून मुलास शाळेत धड शिकता येत नाही, म्हणून हा खर्च त्याच्या जगण्याच्या किमान गरजांतच धरला पाहिजे. 2011 पासून शालेय साहित्याची रक्कम 1 ऑगस्ट व 1 फेब्रुवारी अशा दोन हप्त्यांत मिळू लागली. 2024 मध्ये हे हप्ते 130 व 65 युरोंचे झाले. मूळ साहाय्य घेणाऱ्या कुटुंबास त्यासाठी वेगळा अर्जही करावा लागत नाही. दोन्ही हप्ते मिळून वर सांगितलेले एक दप्तरसुद्धा कित्येकदा येत नाही, तेव्हा रक्कम अपुरी आहे हे मी स्पष्टच म्हणेन. तरीही ती ज्या तारखेस हाती पडते, त्या तारखेचे मोल मला रकमेहून मोठे वाटते.

हे मोल महाराष्ट्रातील माझ्या भोकरदनच्या माणसास कोणी समजावून द्यावे लागत नाही. केळणेकाठच्या आमच्या तालुक्यात शाळेची घंटा जूनच्या मध्यास वाजते, आणि मृगाची पेरणीही नेमकी त्याच दिवसांत दाराशी उभी असते. कपाशीच्या बियाण्याची पाकिटे आणि खताची पोती उधारीवर उचलून झाल्यावर घरात उरते ते काय? कापसाचा पैसा दसरा-दिवाळीनंतरचा, आणि शाळेचा खर्च ज्येष्ठातला. ‘‘पुस्तकं मागच्या वर्षीच्या पोराकडून घे, वह्यांचं मूग निघाल्यावर बघू,’’ असे वडील सांगत, आणि मूग निघे पोळ्याच्या आगेमागे. तोवर आई जुन्या वह्यांतील कोरी पाने उसवून, ती एकावर एक नीट रचून, दाभणाने शिवून एक जाड वही करून देई. तिच्यात एका पानावर एकेरी रेघा तर दुसऱ्यावर चौकोन असत, आणि गणिताचे पान शोधता शोधता फळ्यावरचे उदाहरण पुसले जाई. म्हणूनच 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने जोडली, तेव्हा त्यामागचा हेतू मला मनापासून भावला होता; 2025 मध्ये ती योजना मागे घेण्यात आली.

गणवेशाची कथा अधिक बोलकी आहे. पहिली ते आठवीच्या मुलांस दोन गणवेशांसाठी सहाशे रुपयांची तरतूद आहे, म्हणजे रक्कम मुळातच बेताची. परंतु 2024 मध्ये राज्यभर एकच गणवेश एकत्रितपणे शिवून पुरविण्याचा घाट घातला गेला आणि स्वातंत्र्यदिन उजाडला तरी असंख्य मुले जुन्याच कपड्यांत झेंड्यापुढे उभी राहिली. डिसेंबरात हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्यात आले. पैसा मंजूर होता, कापडही होते. चुकली ती वेळ.

यंत्रांच्या बाबतीत मात्र जर्मनीलाही वेळ साधता आली नाही. मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, आणि गरजू मुलाच्या संगणकासाठी 350 युरोंपर्यंत जादा साहाय्य देण्याचा हुकूम निघाला तो फेब्रुवारी 2021 मध्ये. तिकडे आमच्या तालुक्यात घरातला एकुलता एक मोबाइल वडिलांच्या खिशातून शेतावर जाई, आणि सकाळचा पाठ मुलांना रात्री, तोही रिचार्ज शिल्लक असल्यास, पाहावयास मिळे. आता शाळा भरतात; पण गृहपाठ मोबाइलवर येण्याची सवय राहिली, म्हणून रिचार्ज हा वहीइतकाच शालेय खर्च समजला पाहिजे. यंत्र मात्र मुलाच्या मालकीचे असावे असे मला वाटत नाही. ते शाळेने ग्रंथालयातल्या पुस्तकासारखे नोंदवहीत नाव लिहून घरी द्यावे, बिघडल्यास शाळेनेच दुरुस्त करावे. येथे बर्लिनच्या शाळांतून अशी उसनवारी मी पाहतो, आणि तीत गरीब मूल कोणते हे इतरांस कळण्याचे कारणही राहत नाही.

गणवेशाच्या बाबतीत गावीही वेळ साधता येईल: त्याची रक्कम अक्षय्य तृतीयेपर्यंत समितीच्या खात्यात जमा झाली, तर गावचा शिंपी जूनपूर्वी काम उरकू शकेल. लग्नसराईचे काम त्याच्या हाती असते खरे. म्हणून मापे एप्रिलच्या परीक्षेच्या दिवसांतच घ्यावीत, कारण त्यानंतर मुले आजोळी पांगतात, आणि वाढत्या अंगासाठी दोन बोटे कापड अधिक धरावे.