पांढरीवर काळी

नांदेडच्या नंदगिरी किल्ल्यात, बागेच्या वाफ्याला लागून, काळ्या मातीचा ढीग पडला होता. ट्रॅक्टरने नुकतीच आणून ओतलेली. ढेकळांत पऱ्हाट्यांची मुळं अजून तशीच. तटावरून गोदावरी दिसते, किल्ल्याला तिन्ही बाजूंनी कवेत घेतलेली. आत बाग आहे, पाणीपुरवठ्याचं छोटं केंद्र आहे, आणि सकाळी फिरायला येणारी मंडळी हात झटकत गोल गोल चालत असतात. माझी नजर मात्र त्या ढिगावरून हलेना. माळी म्हणाला, “साहेब, इथल्या मातीत लॉन धरत नाही. रानातली आणावी लागते.”

बरोबरच आहे. रान काळीचं, गाव पांढरीचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चुलींची राख, खचलेल्या भिंती, पुन्हा घातलेल्या भिंती, जनावरांचं शेण, असं पिढ्यान्‌पिढ्या साचत गेलं की पांढरी तयार होते. ती पिकासाठी नव्हेच, राहण्यासाठी.

औसा तालुक्यातल्या माझ्या आजोळी गावाबाहेरच्या पडक्या गढीत अशी माती मुबलक होती. मृगाच्या आधी मामा बैलगाडी घेऊन जायचे. गढीचा एक बुरूज तेवढा उभा, बाकी सगळं खचून उंचवटा झालेला. ती माती घरच्या माळवदावर पसरायची, पाणी शिंपडायचं आणि चोपण्याने बडवून बडवून गुळगुळीत करायची. आजी खालून ओरडायची, “बाबू, कडंला पाय देऊ नको, तिथंच गळतंय!” गळायचंच. मग पुढच्या वर्षी त्या जागी आणखी दोन टोपल्या जास्त. जुनी माती काढायची कुणाला सुचायचं नाही. वर्षाचा थर वर्षावर. हात-दीड हात जाडीचं ते छप्पर उन्हाळ्यात घर असं गार ठेवायचं की दुपारी चादर लागावी. आणि रात्री सगळी आळी वर. माळवदाला माळवद लागलेलं, त्यामुळे पायरी न उतरता आम्ही पोरं चार घरं पलीकडे जायचो. कुणाच्या कुरडया वाळत असायच्या, त्या चुकवत. शेजारच्या काकू येसराच्या आमटीची वाटी कठड्यावरून आईच्या हातात द्यायच्या, आणि अर्ध्या गावाची भांडणं तिथे झोपेपर्यंत मिटायची किंवा नव्याने लागायची. फ्लॅटच्या गच्चीवर सोसायटीचं कुलूप असतं, ते पाहिलं की मला अजून राग येतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं दमून निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं हलली. धक्का ६.२ तीव्रतेचा, त्याहून मोठे धक्के खाऊनही जिथे माणसं वाचली, असे मुलूख जगात आहेत. इथे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या आणि वरचं ते वर्षावर वर्ष साचलेलं छप्पर झोपलेल्यांवर आलं. सुमारे ८ हजार माणसं गेली. आमचं आजोळ वाचलं. दिवाळीआधी मामांनी माळवद उतरवलं आणि पत्रे टाकले. आजी त्या पत्र्याखाली कधी दुपारी झोपली नाही; लिंबाखाली बाज टाकायची.

त्याच वर्षी मार्चमध्ये, तिकडे हाँगकाँगात, काउलूनची जुनी तटबंदीची वस्ती पाडायला सुरुवात झाली होती. तट कधीच गेला होता; महायुद्धात जपान्यांनी त्याचे दगड विमानतळाच्या कामासाठी नेले. पण साडेसहा एकरांत तीसेक हजार माणसं राहत होती, इमारती इतक्या खेटून की खालच्या गल्ल्यांत दिवसाही दिवे लागत. त्यांना भरपाई देऊन हलवलं. काहींनी ती कमी म्हणून भांडण केलं, ते रास्तच. १९९५ साली तिथे बाग उघडली. तळी, बोन्साय, जुनी कचेरी जपलेली. फोटोत फार नीटनेटकी दिसते.

किल्लारीकरांना नव्या जागी घरं मिळाली. मोकळे प्लॉट, रुंद रस्ते, भूकंपाला टिकतील अशा भिंती. त्यात खोट काढणं सोपं आहे आणि मला ते करायचं नाही. आजीनेही त्या भिंतींना नावं ठेवली नसती. फक्त एका घरातून दुसऱ्या घरात वाटी जायला आता चपला घालाव्या लागतात.

औशाच्या किल्ल्यात, उदगीरच्या किल्ल्यात खुशाल बाकडी टाका, कारंजी लावा. औशाचा किल्ला सखल जागी असल्याने लांबून दिसतही नाही, तिथे थोडी सावली आली तर बरंच होईल. तिथले किल्लेदार गेले, त्यांचे वारस जाब विचारायला येणार नाहीत. जुन्या किल्लारीत मात्र स्मृतिस्तंभ आहे तेवढा पुरे. जिथे घरं होती तिथे कुणी हिरवळ लावायचं म्हणालं, तर माझा विरोध राहील.