गाडीच्या टाकीतला ऊस



दसऱ्याला आम्ही नवी गाडी बुक केली. जुनी २०१२ सालची. यंदा तिचे रबरी पाइप कडक होऊन पेट्रोल गळायला लागलं. नव्या पेट्रोलमुळं की वयामुळं, ते मेकॅनिकलाही नक्की सांगता येईना. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, मग ह्यांनी मनावर घेतलंच.

सासूबाईंची अट एकच, चामड्याच्या सीटवर बसणार नाही. शोरूममधला मुलगा म्हणाला, "आज्जी, हे लेदरेट आहे, प्लॅस्टिकचं." पण वरच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात स्टीअरिंगपुढं 'लेदर' छापलेलं. खरं की नकली, विचारलं तर त्याला सांगता येईना. आम्ही कापडी सीटचं, साध्या स्टीअरिंगचं मॉडेल घेतलं. पैसेही वाचले. तुम्ही गाडी घ्याल तेव्हा स्टीअरिंग आणि गिअरच्या मुठीचंही विचारा, सीटचं सगळेच विचारतात.

चिरंजीवांना इलेक्ट्रिक हवी होती. तिच्यावर जीएसटी ५ टक्केच, पण मूळ किंमत जास्त. शिवाय २०१९ च्या महापुरात वीज गेली ती किती दिवस आलीच नाही, हे मी विसरलेले नाही. तेव्हा पेट्रोलच.

तेव्हा चिरंजीवांनी आज्जीला सांगितलं, की आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग त्याला चालतील असे असतात, आणि इथेनॉल म्हणजे अल्कोहोल.

"म्हणजे गाडी दारू पिणार? आणि ती आपल्याच उसाची?"

आम्ही सगळे हसलो. रात्री मात्र मला ते हसू येईना. मद्य, मांस, मधु यांचा त्याग घरात पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला. आणि इथेनॉल करतात कसं? उसाची मळी किंवा रस यीस्ट घालून आंबवायचा, मग ऊर्ध्वपातन करायचं. दारूचीही कृती तीच. आंबवण्यात किती सूक्ष्म जीव जन्मतात नि मरतात, त्याला गणती नाही. हा काही लांबचा विषय नाही. २० टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, सरकारनं ते २०२५ वर आणलं. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आलं, तेव्हा आपल्या भागात घरोघरी उसाच्या दराचीच काळजी होती. आमच्याही. ह्या गाडीचा पहिला हप्ता उसाच्या बिलातूनच जाणार आहे.

स्वाध्यायात मी विचारलं. ताई म्हणाल्या, श्रावकाला संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची असते. शेती-धंद्यातली उद्योगी हिंसा सुटत नाही, ती जेवढी कमी करता येईल तेवढी करायची. चामड्याला नाही म्हणता आलं, कारण आमचं काही अडत नव्हतं. उसाला कसं म्हणणार?

सासूबाईंनी त्यांच्यापुरता नियम घेतला. मंदिराला गाडीनं जायचं नाही, चालत जायचं. गुडघे दुखतात, तरी. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळं ॲव्हरेजही थोडं कमी पडतं. म्हणून आम्हीही शिरोळातल्या शिरोळात गाडी काढायची नाही असं ठरवलंय.

उसाचं मात्र घरात कुणी बोललं नाही. पुढच्या आठवड्यात आमची तोड आहे.