यादीत नाव आहे, जागा नाही



नापास झालेल्या मुलाला कसं सावरायचं, यावर आपण पुष्कळ लिहितो, बोलतो. पण जे मूल पास झालंय, गुणवत्ता यादीत आहे आणि तरी ज्याला जागा मिळालेली नाही, त्याच्याशी घरात कसं वागायचं? हे मला कुणी शिकवलं नव्हतं. डी.एड.लाही नाही.

२०२५ साली माझी भाची नीट परीक्षा देऊन माझ्याकडे राहायला आली. गावाकडे रेंजचा भरवसा नाही आणि प्रवेशाचं सगळं काम ऑनलाइन, म्हणून. त्या वर्षी देशभरात २२ लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली होती आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. तिचे गुण नेमके मधोमध अडकले. कुणी म्हणे, "होऊन जाईल." कुणी म्हणे, "अवघड आहे."

तिची वाट तीन ठिकाणी अडली होती. सरकारी कॉलेजांतल्या अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा दिल्लीहून भरतात, तिथे. राज्याच्या ८५ टक्के जागा आपला सीईटी सेल भरतो, तिथे. आणि पशुवैद्यकीयचा प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतो, म्हणून तिथेही अर्ज केला होता. पहिला राउंड झाला. तिन्हीकडे यादीत नाव होतं, जागा कुठेच नव्हती.

आता ही यादी पुढे सरकते कशी, ते समजून घ्या. आपल्या वर्गातलं एक मूल दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलं की पटावर एक जागा रिकामी होते, तसंच. राज्यात जागा मिळालेल्या मुलाला दिल्लीच्या यादीतून मोठं कॉलेज मिळालं की तो इथली जागा सोडतो. ती खालच्याला मिळते. त्याची जागा आणखी खालच्याला. त्यामुळे पहिल्या राउंडला नाव आलं नाही म्हणजे सगळं संपलं, असं नसतं. पण किती मुलं हलतील, हे आपल्या हातात अजिबात नसतं.

आणि इथेच माझी चूक झाली. जे हातात नाही, तेच मी रात्रंदिवस धरून बसले. पहाटे उठून वेबसाईट उघडायची. स्टाफरूममध्ये रोज चर्चा. कुणी तरी पाठवलेले मागच्या वर्षीचे कट-ऑफ तिला वाचून दाखवायचे. मला वाटायचं, मी तिला आधार देतेय.

एक दिवस ती चहाचा कप हातात घेऊन म्हणाली, "आत्या, तू सकाळी उठल्यावर आधी मोबाईल बघतेस आणि मग माझ्याकडे बघतेस. तुझ्या तोंडावरूनच मला कळतं आज काय आहे ते. मला उठावंसंच वाटत नाही."

मी काही बोलू शकले नाही. खरं सांगते, शाळेत जाईपर्यंत डोळे भरून येत होते. कारण असे दिवस मी स्वतः काढलेत. डिसेंबर २०१७ मध्ये शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी दिली आणि निवडयादी यायला २०१९ उजाडलं. त्या काळात कुणी "काय झालं गं तुझं?" विचारलं की मी रस्ता बदलायचे. आणि तोच प्रश्न मी या पोरीला रोज विचारत होते, फक्त न बोलता.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी वही घेऊन बसलो. जे ठरवलं, ते तुमच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते.

१. वहीत रकाने आखले : कोणती प्रक्रिया, पुढची तारीख, लागणारे पैसे, कागदपत्रं. वेबसाईट दिवसातून एकदाच, संध्याकाळी सहाला, आणि ती मी बघायची. तिने नाही.

२. माहितीपुस्तिका दोघींनी शब्द न् शब्द वाचली. मिळालेली जागा कोणत्या राउंडपर्यंत सोडता येते, अनामत रक्कम कधी जप्त होते, "हीच जागा कायम ठेवतो" असा फॉर्म एकदा भरला की पुढच्या राउंडमधून नाव निघतं, हे नियम माहीत नसले तर हातची जागा जाते. नियम बदलत राहतात, म्हणून शेजारच्याच्या मुलाचा अनुभव विचारू नका, त्या वर्षीची पुस्तिका वाचा.

३. अधिवास दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर सगळं एका फाईलमध्ये, झेरॉक्सच्या चार संचांसह. एका ठिकाणी प्रवेश घेतला की मूळ कागद तिथे जमा होतात. मग दुसरीकडे धावपळ होते.

४. सगळ्यात महत्त्वाचं : कुठपर्यंत थांबायचं, हे आधीच ठरवायचं. आणि ते मुलाने ठरवायचं.

चौथ्या मुद्द्यावर घरात वादळ झालं. भाऊ म्हणाला, "एक वर्ष रिपीट कर, मी पैसे बघतो." भाची म्हणाली, "पप्पा, तिसऱ्या राउंडपर्यंत थांबते. नाही झालं तर पशुवैद्यकीयला जागा मिळेल ती घेते. परत नीट नाही देणार." दोन दिवस बाप-लेक बोलत नव्हते. मी मध्ये पडले नाही. फार जड गेलं, पण पडले नाही.

दरम्यान ती माझ्या चौथीच्या मुलांना दुपारी भागाकार शिकवायला यायला लागली. मुलं तिला निकालाचं काही विचारत नसत. "ताई, बाकी शून्य आली!" एवढंच.

एमबीबीएसला नाव आलं नाही. पशुवैद्यकीयच्या पुढच्या फेरीत आलं, उदगीरला. ती रडली, मीही रडले. खोटं कशाला सांगू, आनंदच झाला असं नाही. पण दुसऱ्या दिवशी बॅग तिनेच भरली, आणि भाऊच तिला सोडायला गेला.

शिक्षक मित्रांनो, हे सगळं आपल्यापासून फार लांब नाही. पाचवीतली मुलं नवोदयची परीक्षा देतात. तिथेही प्रतीक्षा यादी असते. दहा-अकरा वर्षांचं लेकरू त्या यादीत अडकतं आणि आपण परिपाठाला सगळ्यांसमोर विचारतो, "काय रे, आलं का नाव?" मीही विचारलंय. यंदापासून नाही विचारणार.

त्याऐवजी विचारेन, "काल काय खेळलास?"

तुमच्या घरात, वर्गात असं कुणी थांबलेलं असेल, तर आज त्याला एवढंच विचारून बघा.