बुडबुडे जातात कुठे?

मंडळी, घरात फिशटँक असणारे लोक दोन प्रकारचे. एक मासे पाळणारे आणि दुसरे झाडं पाळणारे. दुसऱ्या प्रकारच्या लोकांकडेही मासे असतात, पण "मासे कोणते?" असं विचारलं की ते रोटालाच्या लाल शेंड्यांबद्दल बोलायला लागतात. आमच्याच सोसायटीतला माझा एक मित्र या दुसऱ्या जातीचा. तो तीन महिन्यांसाठी ऑनसाइट गेला आणि जाताना दोन फुटी टँक, त्यातले चौदा निऑन टेट्रा आणि घराची किल्ली माझ्या हवाली करून गेला. म्हणाला, "सगळं सेट आहे. तू फक्त लक्ष ठेव."

'सगळं सेट आहे' हे वाक्य आपल्या धंद्यात हँडओव्हरच्या वेळी ऐकलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. :-)

आधी थोडी पार्श्वभूमी. हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम आहे. त्या हिशेबाने नुसतं उघडं ठेवलेलं पाणी लिटरमागे अर्धा-पाऊण मिलिग्रॅम वायू धरून ठेवतं. झगझगीत दिव्याखाली वाढणाऱ्या झाडांना मात्र लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅम मिळाला तर ती खूश. मधली तूट भरून काढायला लोक सिलिंडर आणि रेग्युलेटर घेतात. तो खर्च ज्यांना झेपत नाही किंवा पटत नाही, ते वाण्याकडे जातात. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या दोन बाटल्या (साध्या पाण्याच्या चालत नाहीत, त्या दाब सोसत नाहीत). एकीत पाण्यात विरघळवलेलं २०० ग्रॅम लिंबूसत्व, दुसरीत २०० ग्रॅम खाण्याचा सोडा. वर दाब दाखवणारी तबकडी आणि बारीक व्हॉल्व्ह असलेली तयार झाकणं. आम्ल थोडंथोडं सोड्यात उतरतं आणि वायू तयार होतो. २०० ग्रॅम सोडा पूर्ण वापरला गेला तर १०५ ग्रॅम, म्हणजे घरातल्या तापमानाला जवळजवळ ५७-५८ लिटर वायू मिळतो. शंभर टक्के जुगाड, पण रसायनशास्त्र चोख.

मित्राच्या टँकमध्ये ही सगळी यंत्रणा व्यवस्थित चालू होती. तबकडीवर दाब होता. बाटलीजवळच्या बुडबुडे-मोजणीत सेकंदाला एक बुडबुडा दिसत होता. तरी रोटालाचे शेंडे खुरटत चालले होते आणि दगडांवर काळं, दाढीसारखं शेवाळ धरलं होतं. पाण्यातला वायू रंगाने दाखवणारी काचेची कुपी रोज संध्याकाळी निळीच्या निळी. निळी म्हणजे वायू कमी, हिरवी म्हणजे बरोबर आणि पिवळी म्हणजे धोका.

व्हिडिओ कॉलवर मित्राला दाखवलं. तो म्हणाला, "अरे, सोपं आहे. व्हॉल्व्ह उघड आणि सेकंदाला तीन बुडबुडे कर." मी म्हटलं, "थांब जरा. सेकंदाला एक निघतोय तो जातोय कुठे, ते तर कळू दे."

मग शनिवार सकाळ त्यातच घालवली. पहिला प्रश्न असा की कुपी खरं बोलतेय का? तिच्यातलं द्रावण (४ डीकेएच कडकपणाचं पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू) थोडं वाटीत काढलं आणि स्ट्रॉने त्यात फुंकर मारली. आपल्या उच्छ्वासात चार टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो. बघता बघता द्रावण पिवळं झालं. म्हणजे कुपी प्रामाणिक आहे.

दुसरा प्रश्न, गळती. साबणाचं पाणी करून झाकणं, व्हॉल्व्ह, सगळे सांधे ब्रशने माखले. एकही फुगा नाही. वायू बारीक करून पाण्यात सोडणारी सिरॅमिकची चकतीही धुऊन, घासून परत लावली. फरक शून्य.

आता उरली ती फक्त दीड मीटर नळी. बुडबुडे-मोजणी बाटलीजवळ होती, ती काढून नळीच्या दुसऱ्या टोकाला, चकतीच्या अगदी आधी लावली. आणि तिथे सात-आठ सेकंदांत जेमतेम एक बुडबुडा! एका टोकाला आठ शिरतात, दुसऱ्या टोकाला एक निघतो आणि मध्ये कुठे भोक नाही.

भानगड नळीच्या जातीत होती. ती मऊ, पारदर्शक सिलिकॉनची नळी होती. सिलिकॉन पाण्याला अडवतं, पण कार्बन डायऑक्साइड त्याच्या भिंतीतून आरपार निघून जातो. चकतीमुळे नळीत दाब साठतो, त्याने आणखी जोर मिळतो. गळती एका जागी नसून दीड मीटरभर पसरलेली, मग साबणाचा फुगा येणार कुठून? पॉलियुरेथेनच्या नळीतून हा वायू कितीतरी पटींनी कमी झिरपतो. बोहरी आळीत हवेच्या यंत्रांसाठी लागणारी तसली नळी मीटरवर मिळाली. एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा स्वस्त.

पण खरी गोष्ट यापुढेच आहे. समजा, मी तीन बुडबुडे केले असते. कुपी कदाचित हिरवट झाली असती आणि सगळे खूश झाले असते. मग सहा महिन्यांनी ती नळी कडक पडली म्हणून कुणीतरी, बहुधा मित्रानेच, चांगली नळी आणून लावली असती. त्या दिवशी वाटेत हरवणारा सगळा वायू एकदम पाण्यात उतरला असता. नळी बदलणाऱ्याचं काहीच चुकलं नसतं आणि तरी दुसऱ्या दिवशी चौदाच्या चौदा मासे तरंगताना दिसले असते.

कारण हा वायू माशांना दोन बाजूंनी गाठतो. पाण्यातच तो जास्त असला की रक्तातला बाहेर पडत नाही, आणि रक्त आम्लधर्मी झालं की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. हा परिणाम ख्रिश्चन बोहर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९०४ मध्ये दाखवला होता (अणूवाल्या नील्स बोहरचा हा बाप). माशांमध्ये तो जास्तच तीव्र असतो. पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. टेट्रा पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले की गॅस बंद, हवेचा पंप चालू आणि निम्मं पाणी बदला. विचार नंतर करा.

म्हणून नवी नळी लावण्याआधी व्हॉल्व्ह जवळजवळ बंद केला. तीन सेकंदांना एक बुडबुडा, एवढ्यावरून सुरुवात. कुपीचा रंग बदलायला एक-दोन तास लागतात, त्यामुळे दिवसाला एकच बदल, तोही मी घरात असताना. दिवा लागायच्या तासभर आधी गॅस चालू. दिवा गेला की गॅस बंद आणि हवेचा पंप सुरू, कारण अंधारात झाडं हा वायू वापरत नाहीत. पाचव्या दिवशी कुपी हिरवी झाली, तेव्हा दोन सेकंदांना एक बुडबुडा पडत होता. म्हणजे पूर्वीच्या निम्माच!

आपल्या ऑफिसातही हेच चालतं की. सर्व्हरचा लॉग म्हणतो 'मेसेज पाठवला', ग्राहक म्हणतो 'मिळाला नाही', आणि कुणीतरी उत्साहाने तोच मेसेज तीनदा पाठवायची सोय करून ठेवतं. वर्षाने नेटवर्क दुरुस्त होतं आणि ग्राहकाच्या खात्यातून तीनदा पैसे कापले जातात. हरवलेलं कुठे हरवतंय ते न शोधता वरून जास्त ओतलं, की पुढच्या माणसासाठी सापळा लावल्यासारखंच होतं.

तर तुमच्याकडे असा स्वस्तातला सेट असेल तर मोजणी बाटलीजवळ न ठेवता पाण्याजवळ ठेवा. निघालं किती यापेक्षा पोचलं किती, ते महत्त्वाचं.

असो. नऊ वाजत आले. खाली जाऊन गॅस बंद करायचाय आणि पंप लावायचाय.