कांदळवनातला गोठा

नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार सुरू झाले की विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या खिडक्यांत तारे लटकू लागतात. दिवाळीचा आकाशकंदील उतरतो, त्याच खिळ्यावर नाताळचा तारा चढतो. दोन्हींना बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद पुरतो. मला यात श्रद्धेची भेसळ दिसत नाही, शेजार दिसतो.

ताऱ्यासोबत मांडल्या जाणाऱ्या येशूजन्माच्या गोठ्याची प्रथा संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या ग्रेच्चो गावातल्या 1223च्या नाताळाकडे जाते. त्यांनी गव्हाण, गवत आणि जिवंत बैल-गाढव मांडून लोकांना बेथलेहेम डोळ्यांनी दाखवलं. फादर थॉमस स्टीफन्स यांनी तेच शब्दांनी केलं. हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि त्याने येशूची कथा मराठी ओवीत रचली. हे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापलं गेलं. परक्या देशातून आलेल्या माणसाने आपल्या भाषेवर एवढं प्रेम करावं, याने मी आजही भारावतो.

म्हणून यंदा आमच्या गोठ्यात बर्फ म्हणून कापूस नको, असं मी घरात सांगितलं. विक्रोळीला खाडी आहे, कांदळवन आहे, चिखलातून वर येणारी मुळं आहेत, बगळे आहेत. येशूबाळ तिथेच निजू दे. देव देह धारण करून माणसांत राहिला, हा आमच्या श्रद्धेचा गाभा. मग तो आमच्या मातीत, आमच्या बोलीत जन्मला, अशी कल्पना करणं हीसुद्धा माझ्यासाठी प्रार्थनाच आहे.