लाल डबा

परवा रात्री पहिला वळिवाचा पाऊस झाला आणि शेजारच्या शेडच्या पत्र्यावर ताडताड वाजायला लागला. मी सवयीने उठून बसले. आमच्या फ्लॅटला आता पत्रा नाही, गळायचीही भीती नाही, तरी हात आपोआप भिंतीच्या कोपऱ्याकडे गेला. मग झोप आलीच नाही. म्हटलं, दोन वर्षं लिहीन लिहीन म्हणतेय ते आता लिहूनच टाकावं. नात्यातल्या मंडळींना यातलं थोडंफार माहीत आहे. सगळं कुणालाच माहीत नाही.

तर झालं असं. २०२३ च्या एप्रिलमध्ये मी लेकाकडे ओहायोला गेले, कोलंबस शहराच्या बाहेर. एअरपोर्टवरून घरी आलो, तर दारात निळी ताडपत्री घातलेलं काहीतरी मोठं धूड उभं. सूनबाई म्हणाली, "आई, ते आत्ता बघू नका. आधी चहा घ्या." यावरूनच मी समजले की घरात या विषयावर वादावादी होऊन गेलेली आहे.

ताडपत्रीखाली होता १९६४ सालचा शास्ता कंपनीचा ट्रेलर, सोळा फुटी. म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायची चाकांवरची खोली. आत दोन माणसांचा पलंग, वर एक झोपायची फळी, गॅसची शेगडी, बर्फाची लादी ठेवायचं कपाट आणि जेवायचं टेबल. टेबल खाली केलं की त्याचाही पलंग होतो. संडास-बाथरूम नाही. मागच्या बाजूला दोन्ही कडांना पत्र्याचे छोटे पंख, ही या कंपनीची खूण. एक पंख वाकडा होता. पुढून मागून गोलसर आकार असल्यामुळे तिकडे अशा ट्रेलरांना मांसाच्या डब्याचं नाव आहे. मी आयुष्यभर शाकाहारी, मला ते नाव काही आवडलं नाही. पण डबा हा शब्द मनात राहिला.

दार उघडलं आणि वास आला. उंदीर, ओली लाकडं आणि जुनं कापड. मागच्या कोपऱ्यातलं प्लायवुड बोटाने दाबलं तर बिस्किटासारखं आत गेलं. मुलगा म्हणाला, "थोडं लीक आहे. सिलिकॉन आणून ठेवलंय, बाहेरून भरून टाकतो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "वरून लेप लावून गळती थांबत नसते. खोलून बघावं लागतं."

वाक्य माझं नव्हतं, ह्यांचं होतं. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. पुढे काही बोलला नाही.

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. आमचे हे एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपला होते, बॉडी सेक्शनला. कारखान्यातून नुसती चासी यायची, इंजिन आणि चाकं असलेला सांगाडा, आणि त्यावर दापोडीत गाडीची बॉडी बांधायची. ॲल्युमिनियमचे पत्रे कापायचे, वाकवायचे, रिव्हेट मारून बसवायचे. ३२ वर्षं त्यांनी हेच केलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, माध्यमिक शाळेतली बाई. रोज रात्री जेवताना ते पत्रा, सांधा, रिव्हेट यांच्या गोष्टी सांगायचे आणि मी "हं, हं" करत वह्या तपासायची. ऐकत नव्हते असं मला वाटायचं. ऐकलं होतं म्हणजे!

काही दिवसांतच तिथल्या सोसायटीचं पत्र आलं, असली वस्तू दारात उभी ठेवायची नाही. मग एका सहकाऱ्याच्या शेतावरच्या मोठ्या लाकडी गोठ्यात ट्रेलर हलवला. आता तिथे गुरं नव्हती, पण गोठ्याचा वास होता. मला एकदम माहेरी गेल्यासारखं झालं. दर शनिवारी आम्ही डबा भरून घेऊन तिकडे जायला लागलो. मुलगा, मी आणि नऊ वर्षांची नात. सूनबाई पहिले दोन शनिवार आली नाही, तिसऱ्याला थर्मास घेऊन आली आणि मग येतच राहिली.

काम कसं चालतं ते सांगते, कारण मला त्यात फार मजा आली. या ट्रेलरांचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा असतो. त्याला आतून पातळ प्लायवुड, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मध्ये काचेची लोकर. पत्र्याच्या दोन कडा जिथे भेटतात तिथे वरून ॲल्युमिनियमची लांब पट्टी स्क्रूने बसवतात आणि तिच्याखाली लांबी भरतात. साठ वर्षांत ती लांबी वाळून खडू झालेली. तिथून पाणी आत शिरतं, लाकडातून उतरत जातं आणि भलत्याच जागी बाहेर येतं. म्हणून ओल जिथे दिसते तिथे भोक नसतं. ते शोधायला पट्ट्या काढायच्या, खिडक्या काढायच्या आणि पत्रा संत्र्याच्या सालीसारखा अलगद सोडवायचा. प्रत्येक तुकड्याचा फोटो काढायचा, स्क्रू निरनिराळ्या बरण्यांत घालून वर चिठ्ठी लावायची. चिठ्ठ्या माझ्याकडे. अक्षर चांगलं असल्याचा फायदा!

मागची भिंत सोडवली तेव्हा निम्म्या लाकडाचा भुगा झाला होता. मुलगा खाली बसला. म्हणाला, "आई, माझं चुकलं. हे होणार नाही." मी म्हटलं, "जुनं लाकूड फेकायचं नाही, तेच नमुना म्हणून ठेवायचं. त्यावर ठेवून नवीन कापायचं." हेही ह्यांचंच. मी नुसती निरोप्या.

मग एकेक होत गेलं. नव्या पट्ट्या कापून बसवल्या. खालच्या लोखंडी चासीचा गंज तारेच्या ब्रशने काढून रंग दिला. टायर नवे घातले. बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं म्हणजे तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. मुलगा कॉम्प्युटरवर काम करणारा, त्याचे हात मऊ. त्या दिवशी मनगटापर्यंत काळे झाले. त्याने हात वर धरून माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघंही क्षणभर गप्प झालो. दापोडीहून संध्याकाळी यायचे ते हात.

शेवटी खिडक्या आणि पट्ट्यांखाली ब्युटिलची टेप लावली, काळी चिकट वातीसारखी असते ती. ही सुकून खडू होत नाही, हा तिचा गुण. सिलिकॉनच्या नळ्या मुलाने दुकानात परत दिल्या. त्यावर पुन्हा दुसरं काही चिकटत नाही, ही माहिती त्याची त्याने काढली होती.

आणि मग पाण्याची परीक्षा. कासारवाडीच्या आमच्या घराचं स्वयंपाकघर पत्र्याचं होतं, जुन्या लोकांना आठवत असेल. दर मे महिन्यात हे डांबर घेऊन वर चढायचे, बादलीने पाणी ओतायचे आणि मी आत बॅटरी घेऊन उभी. "आलं का?" "नाही." "आता?" तसंच केलं. मुलगा बाहेर नळी घेऊन, मी आणि नात आत बॅटऱ्या घेऊन. "आई, आलं का?" "नाही रे." नातीला हा खेळ इतका आवडला की ती मुद्दाम "आलं, आलं!" ओरडायला लागली.

पडदे मी शिवले, माझ्या दोन जुन्या सुती साड्यांचे. रंगाचं मुलाने कुणालाच विचारलं नाही. अशा ट्रेलरला पांढरा रंग आणि मधून एका रंगाचा पट्टा असतो. एका शनिवारी बघितलं तर पट्टा लाल. कुठला लाल ते मी सांगायला हवं का? नातीने विचारलं, "रेड का?" तो म्हणाला, "असंच." मी काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून मी त्याला लाल डबा म्हणायला लागले. त्यांच्याकडेही डबा, आपल्याकडेही डबाच की!

सप्टेंबरच्या मध्याला आम्ही हॉकिंग हिल्सला निघालो. कोलंबसपासून आग्नेयेला साधारण तासाभरावर हे जंगल आहे, वाळूच्या दगडाच्या कपारी आणि गुहा. निघताना ट्रेलर गाडीच्या गोळ्यावर बसवला, साखळ्या लावल्या. त्या एकमेकींवरून फुलीसारख्या लावायच्या, म्हणजे जोड निसटलाच तर ट्रेलरचं पुढचं टोक रस्त्यावर न पडता साखळ्यांच्या झोळीत पडतं. मला हे फार पटलं. माणसांतही अशी काही सोय हवी होती.

तिथे शेकोटीसाठी बाहेरून लाकूड आणू नका असं सांगतात. आशियातून आलेला एक हिरवा किडा २००२ साली मिशिगनमध्ये सापडला आणि पुढे त्याने कोट्यवधी ॲश झाडं मारली. एका गावचं लाकूड दुसऱ्या गावी नेलं की किडाही जातो. म्हणून तिथलीच मोळी विकत घेतली. दुसऱ्या दिवशी ॲश केव्ह बघितली. नाव झाडावरून नाही बरं का, राखेवरून. गोरे लोक प्रथम आले तेव्हा त्यांना तिथे राखेचा मोठा ढीग सापडला होता. आधीच्या लोकांच्या चुली तिथे पेटत असणार. घोड्याच्या नालासारखी अर्धगोल कपार, या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ ७०० फूट, वरचा कडा ९० फूट उंच. वाट सपाट आणि बांधलेली असल्यामुळे माझे गुडघे कुरकुरले नाहीत. तिथे बसून मी त्या राखेचा विचार करत होते. घर गेलं, माणसं गेली, चूल मागे राहिली.

त्याच रात्री पाऊस आला.

पत्र्यावर पाऊस! कितीतरी वर्षांनी ऐकला. सूनबाई आणि नात गाढ झोपलेल्या. मी अंधारात कोपरे चाचपले. कोरडे. खिडक्यांखाली हात फिरवला. कोरड्या. आणि मग कपाळावर टप्प. वरच्या हवेच्या झडपेच्या कडेने थेंब येत होता. मी हळूच म्हटलं, "आलं." अंधारातून मुलाचा आवाज आला, "कुठे?" तोही जागाच होता.

त्याने थेंबाखाली पातेलं ठेवलं आणि माझ्या पायाशी येऊन बसला. बराच वेळ पातेल्याचा आवाज ऐकत बसलो. मग म्हणाला, "मी बाबांचं वर्कशॉप एकदाही बघितलं नाही."

हे गेले ते जून २०२० मध्ये. मार्चपासून विमानं बंद. मुलाने फोनवर बघितलं सगळं. त्यानंतर त्याने बाबांचा विषय कधी काढला नव्हता, आणि मीही नाही.

मग मी ते सांगितलं, जे सांगायला मला ३५ वर्षं लागली. तो दहा वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुट्टीत ह्यांच्याबरोबर वर्कशॉपला जायचा हट्ट करत होता. साहेबांना विचारून एक दिवस नेतो, असं हेही म्हणाले होते. मी पोळ्या करत होते. मी म्हटलं, "कशाला? तुला काय पत्रे ठोकायचेत मोठेपणी? अभ्यास कर." हे समोर बसले होते. काही बोलले नाहीत. पुन्हा कधी न्यायचं म्हणालेही नाहीत. शाळेत मी श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहून घ्यायची, आणि घरात हे बोलले. ह्यांची माफी मागायची राहून गेली. रोज वाटायचं, मागू.

"तू नाही म्हणालास असं तुला वाटत असेल तर तसं नाही," मी म्हटलं. "ते मी केलं."

मुलगा म्हणाला, "मला आठवतंय."

"आठवतंय?"

"हो. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला खिशातून दोन रिव्हेट आणून दिले. म्हणाले, आईला दाखवू नको. दहावीपर्यंत कंपासपेटीत होते."

मी दर रविवारी त्याची कंपासपेटी तपासायची. पेन्सिलींना टोक आहे का, करकटक आहे का. दोन रिव्हेट मला कधी दिसले नाहीत.

त्यानंतर आम्ही फारसं बोललो नाही. त्याने माझा हात धरला होता, एवढं सांगते. ग्रीस भरल्यापासून त्याच्या नखांच्या कडा काळ्या होत्या, त्या अजून पुरत्या गेल्या नव्हत्या.

सकाळी ऊन पडलं. तो वर चढला, झडप खोलली, टेप नीट बसलेली नव्हती ती काढून नवी लावली. मी आत पातेलं घेऊन उभी. त्याने बाटलीतलं पाणी वर ओतलं.

"आई, आलं का?"

"नाही."

"आता?"

"नाही रे. उतर खाली, पोहे गार होतायत."