पाच मीटरची चूक

पुतण्याला आणि त्याच्या मित्रांना जिओकॅशिंगचा नाद. मोबाईलच्या जीपीएसवर कुणी लपवलेली डबी हुडकायची, आतल्या वहीत नाव लिहायचं, डबी परत तिथंच ठेवायची. मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली, आणि त्याच आठवड्यात हा खेळ सुरू झाला.

पोरांना आमच्या रानात 'फ्लॅश मॉब' करायचा होता. ठरल्या मिनिटाला सगळ्यांनी जमायचं, गंमत करायची, पांगायचं. जागा धरली बांधावरच्या आंब्याखाली. मी म्हटलं, या, पण तिथं नको. उघड्यावरसुद्धा मोबाईल ५ मीटर इकडं-तिकडं दाखवतो, झाडाखाली जास्तच. म्हणजे १६ फूट शेजाऱ्याच्या ज्वारीत! आपल्याकडं वीतभर बांधावरनं भावाभावाचं बोलणं तुटतं. म्हणून रानाच्या मधलं खळं दिलं. चुकले तरी आपल्यातच. शेजारच्या आबांनाही आधीच बोलावलं.

बरोबर आठला वीसेक पोरांनी बारा सूर्यनमस्कार घातले. भवानराव पंतप्रतिनिधींचं औंध आहे हे! चहा झाला, पोरं गेली, ज्वारीचं ताट मोडलं नाही.

ई-पीक पाहणीचा फोटो काढतानाही बांधावर थांबू नका. पिकाच्या मधोमध उभं राहा.